उत्तरेपासून अडुसष्ट अंश

"काका, बाण उत्तरेला नाहीये!"

गच्चीवरून मॅडम ओरडल्या तेव्हा मी आणि होका जिन्यात नव्या केबलचं वेटोळं सोडवत होतो. होकाच्या हातून वेटोळं सुटलं आणि चार पायऱ्या घरंगळत गेलं. माझ्या हातून सुटलं असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण होकाच्या हातून सव्वीस वर्षांत साधा स्क्रू पडला नव्हता. एकदा पडला होता, तोही मी सातव्या मजल्यावरून खाली येऊन झेलला.

होका म्हणजे होकायंत्र, आम्हीच त्याला पाडलेलं नाव. उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्रांचे अँटेना गच्चीवर बसवायचे आणि केबल खालच्या खोलीतल्या डब्यापर्यंत आणायची, हा आमचा धंदा. पालथ्या पातेल्यासारखा पांढरा अँटेना, त्याच्या कडेला एक बाण. तो बरोबर उत्तरेला ठेवायचा. ढळला तर मोजमापात केसभर फरक पडतो, आणि मोजणीवाल्यांना केस हत्तीएवढा दिसतो.

उत्तर शोधायला बाकीच्यांना यंत्र लागतं, होका नुसता उभा राहून सांगायचा. खोटं वाटेल, पण एकदा आम्ही त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, लिफ्टमधून एकवीस वेळा वरखाली नेलं आणि भोवऱ्यासारखा फिरवला. बाहेर पडताच त्याने उत्तरेला बोट दाखवलं, मग ओकला, तेही उत्तरेलाच.

अशा माणसाने बसवलेला बाण वाकडा!

आम्ही वर गेलो. उंदरांनी कुरतडलेली केबल बदलायला आम्ही आलो होतो आणि मॅडम या मोजणी केंद्राची तपासणी करायला. "अडुसष्ट अंश पूर्वेकडे," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं हे केंद्र असंच चालतंय. बसवलं कुणी?"

मी लगबगीने पुढे झालो. "मॅडम, त्या वर्षी इथे एक घार इतकी माजली होती की..."

"की तिने पान्याने नट ढिला केला?"

"हुशार जात असते हो."

मॅडम हसल्या, पण अर्ध्यावरच थांबल्या.

"गप रे थापाड्या," होका म्हणाला. "मी फिरवलाय, मॅडम."

मला ते ठाऊक होतं. त्या दिवशी शिडी मीच धरली होती. होकाची एकुलती एक मुलगी कामासाठी दूरदेशी निघाली तेव्हा बापलेकीचं कडाक्याचं वाजलं होतं. 'गेलीस तर फोन करू नकोस,' असं हा बोलून बसला. मुलगी बापावर गेलेली. दोन वर्षं तिने खरंच फोन केला नाही. मग एकदाच केला, नेमका या गच्चीवर, भर दुपारी. 'बाबा, पत्ता लिहून घ्या,' एवढंच म्हणाली. त्याने तो तळहातावर लिहिला. नंतर बराच वेळ क्षितिजाकडे बघत उभा राहिला, नट सैल केला, बाण त्या पत्त्याच्या दिशेला फिरवला आणि नट पुन्हा घट्ट आवळला. मी फक्त खोकलो.

होकाने मॅडमना हेच सांगितलं, चार वाक्यांत. मी असतो तर तासभर घेतला असता.

"आता कशी आहे ती?" मॅडमनी विचारलं.

"आता ती तिथे नाही. मागच्या वर्षी माझं पत्र परत आलं. फोनही लागत नाही." त्याने खिशातून पाना काढून त्यांच्यापुढे धरला. "माझ्याकडे तेवढीच दिशा आहे, मॅडम. फिरवायचा असेल तर तुम्ही फिरवा. माझ्याच्याने व्हायचं नाही."

मॅडमनी पाना घेतला. नटाला लावलासुद्धा. मी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदाच मला काही बघायचं नव्हतं.

"काका," त्या म्हणाल्या, "चालत्या केंद्राचा अँटेना हलवला की तीन वर्षांची मोजणी तुटते. आहे तसा ठेवायचा आणि किती ढळलाय ते नोंदवायचं. बाकी कंप्युटर बघून घेतो." पाना त्याच्या हातात परत देऊन त्यांनी तक्ता उघडला. "उत्तरेपासून अडुसष्ट अंश. पुढचा रकाना, कारण. काय लिहू?"

माझ्याकडे सात कारणं तयार होती. वादळ, भूकंप, शिवाय ती घार. एकही जिभेवर येईना.

"बसवणाऱ्याची चूक," होका म्हणाला. "तेच लिहा."

मॅडमनी लिहिलं आणि त्या जिना उतरून गेल्या.

आम्ही नवी केबल जोडली. जोडाखाली त्याने नेहमीसारखा केबलला झोल दिला, पाणी आत न शिरता तिथूनच ठिबकावं म्हणून. मग बाणावरची पाखरांची घाण बाहीने पुसली आणि बाणाच्या मागे जाऊन उभा राहिला. मीही त्याच्या शेजारी उभा राहिलो. समोर पाण्याच्या टाक्या, दोरीवर वाळणाऱ्या चादरी आणि त्यांच्यापलीकडे नुसतं आभाळ होतं.

"दिसतंय का रे काही?" मी विचारलं.

"आज जरा धूसर आहे," होका म्हणाला.