एकाच सुराची नोकरी

मी एक जुनी श्रुतिपेटी आहे. भाता हलवला की माझ्यातून एकच सूर निघतो. दुसरा मला येत नाही. मित्रांनो, एवढ्याशा विद्येवर मी तीस वर्षे मानाने नोकरी केली. माणसांतही अशी उदाहरणे आहेत, पण त्यांना बढती मिळते.

चिकपेट बाजारातल्या एका सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले आणि शिंपीकाम करणारे खंडोजी मला घरी घेऊन आले. दिवसा ते कोट शिवत, संध्याकाळी भजनमंडळीसाठी चाली बांधत. कर्नाटकी गाण्यात एकच ओळ फिरून फिरून गातात, पण दर फेरीला थोडी वळवून. त्या वळणाला संगती म्हणतात. खंडोजी मराठी पदांनाही संगती लावत. ‘ओळ तीच असू दे, गाणारा पुढं गेला पाहिजे,’ असे ते मुलीला, मथुराला सांगत. मी जागची हलायचे नाही, एवढेच माझे काम.

१९५८ साली त्यांना पक्षाघात झाला. बोलणे गेले. उरली एका अर्धवट पदाची ओळ: ‘सांग रे, कुठवर आलो मी.’ दिवसभर तीच. माझी रवानगी कपाटावर झाली.

चार महिन्यांनी मथुराचा धाकटा भाऊ प्रतापराव कारखान्यातून येऊन म्हणाला, “अक्का, कान किटले गं! रविवारी अप्पांना आनेकलला काकांकडे सोडतो.”

“तिथं कोण गातं रे?”

“म्हणूनच!”

मथुराने अप्पांची वळकटी काढून ठेवली. तीही कंटाळली होती.

शनिवारी सामान बांधताना, भाता धड आहे का पाहायला तिने मला कपाटावरून काढून चालवले. खंडोजींनी ओळ म्हटली. पुन्हा म्हटली. तिचा हात थबकला. माझ्या सुरावर फरक उघडा पडला होता. ‘कुठवर’ आधी सरळ उतरले होते, आता वरून वळून आले. अप्पा चाल बांधत होते!

तिने ओळ जशीच्या तशी गायली. त्यांनी बऱ्या हाताने खाटेवर थाप मारली, नाही! तिने थोडी वळवली. त्यांनी डोळे मिटले आणि तिचे वळण पुढे नेले.

“अक्का, हे आधीपासून असंच होतं?” दारातून प्रतापरावाने विचारले.

“असेल. आपण ऐकलं कुठं, स्वल्प तरी?”

वळकटी सुटली. खंडोजी आणखी पाच आठवडे जगले. दुसरी ओळ आलीच नाही. मथुराला त्या एका ओळीच्या अकरा संगती येतात. आधीच्या चार महिन्यांत किती गेल्या, ते तिला ठाऊक नाही.

मित्रांनो, आमच्या भात्याला झुरळे लागू देऊ नका. आणि घरात कोणी तेच ते बोलू लागले, तर ‘ऐकलंय हो’ म्हणण्यापूर्वी जवळ बसा. दुसऱ्या फेरीला काय हलले ते पाहा. दुसऱ्या फेरीपर्यंत थांबणारे आमच्या घरी चार महिने कोणी नव्हते.