बिनगोळीचे आठ दिवस

रेश्माचं नुसतं डोकं दुखत होतं, तोवर घरात कोणाच्या कपाळाला आठी नव्हती. बाईमाणसाचं डोकं दुखायचंच, त्यात नवल ते काय. आठवड्यातून दोनदा डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू व्हायचा, मग उलट्या, मग गोधडी डोक्यावर ओढून दिवसभर पडून राहायचं. सासूनं, लंकाबाईंनी, उपायांत कसूर केली नाही, हे कबूल केलं पाहिजे. दिवस उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला घातली, नाकात तूप सोडलं, कपाळावर सुंठ उगाळून लावली. जिलेबीनं रेश्मा अंगानं भरली तेवढी. अर्धशिशी होती तिथंच होती.

नवरा अमृत संगमनेरजवळच्या त्या गावात दूध संकलन केंद्र चालवायचा. चालवायचा म्हणजे पाटीवर नाव त्याचं. सकाळ-संध्याकाळ मशीनवर उभी असायची रेश्मा. किटली आली की नाव पुकारायची, नमुना मशीनला लावायची, फॅट वाचून दाखवायची. तिथंच एका सकाळी अख्ख्या रांगेसमोर तिला उलटी झाली, तीही भरल्या कॅनच्या शेजारी. बायको दोन वर्षं तळमळत होती तेव्हा अमृतला सवड नव्हती. दुधावर बेतलं तेव्हा त्याच दिवशी तो तिला संगमनेरला मेंदूच्या डॉक्टर बाईंकडे घेऊन गेला.

बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि गोळी लिहून दिली.

"थोडी-थोडी वाढवत न्यायची," त्या म्हणाल्या. "बोटांना मुंग्या येतील. सोडा, कोल्ड्रिंक बेचव लागेल. भूक कमी होईल. पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर मुतखडा होतो. मूल हवं असेल तर आधी मला विचारायचं. आणि कधीकधी अगदी साधा शब्द आठवत नाही. फार त्रास झाला तर फोन करा, डोस कमी करू. पण एकदम बंद करायची नाही. एकदम सोडली तर आयुष्यात कधी न आलेली फिटही येऊ शकते." मग फाईल परत देताना म्हणाल्या, "हीच गोळी फिटच्या पेशंटलाही देतात. कोणी काही बोललं तर घाबरू नका. तुम्हाला ती अर्धशिशीसाठी आहे."

हे शेवटचं दोघांनीही ऐकलं. येताना प्रवरेच्या पुलाअलीकडे अमृतनं मोटारसायकल थांबवली.

"आईला ते फिटचं काय सांगू नको. उगं डोक्यात घेईल."

"न्हाई सांगत," रेश्मा म्हणाली. नवराबायकोचं इतकं एकमत लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असेल.

गोळीनं काम केलं. तीन महिन्यांत ठणका महिन्यातून एखाद्या वेळेवर आला. मुंग्या यायच्या, जत्रेतला लिंबू-सोडा नुसतं पाणी लागला, पण त्याचं काय एवढं. शब्दांचं मात्र अवघड झालं. केरसुणी हातात धरून ती केरसुणीचं नाव शोधायची. रोज पहिली किटली आणणाऱ्या म्हाताऱ्या रंगनाथबाबांचं नाव एकदा असं नाहीसं झालं की तिनं "पुढचे बाबा" म्हणून हाक मारली. बाबा हसले. "माझं जाऊंदे, म्हशीचं तरी नाव ध्यानात हाय का, पोरी?" रेश्मानं मग सगळ्या गवळ्यांची नावं पुठ्ठ्यावर लिहून मशीनच्या मागं टांगली. बाईंना फोन केला; त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात या, डोस थोडा उतरवू. पाण्याची बाटली जवळ ठेवायची, पुठ्ठ्याकडे बघायचं, असं तिनं बस्तान बसवलं होतं. सुखाचे दिवस म्हणायचे तर तेच.

त्यात धाकट्या बहिणीची, निकिताची, सोयरीक जुळत आली. स्थळ लंकाबाईंनीच सुचवलेलं: कोपरगावकडचे त्यांचे थोरले भाऊ गोरक्षनाथ, त्यांचा मुलगा रविराज. रेश्माच्या वडिलांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांच्या घरी सुपारी फोडायची तारीख ठरली, आणि तारखेच्या आठ दिवस आधी लंकाबाई गुडघ्याचं मलम आणायला गावातल्या मेडिकलमध्ये गेल्या. जाताना सुनेच्या गोळीचं रिकामं पाकीटही घेतलं, तिच्याही गोळ्या आणाव्यात म्हणून, चांगुलपणानंच. मेडिकलवाल्या बन्सीनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि दुकानात चार बायका उभ्या असताना विचारलं, "काकू, फिट कुणाला येती घरात?"

लंकाबाई घरी आल्या त्या चपला न काढताच ओट्यापाशी.

"कवापासून येती तुला फिट?"

"आत्याबाई, मला फिट न्हाई. माझं डोकं दुखतं, तुमी बघितलंय. फाईल वाचा."

"मला कुठं वाचता येतंय? आन डॉक्टर काय बी लिहितील." त्या अमृतकडे वळल्या. "तुला ठावं हुतं का रं?"

अमृत मोबाईलमध्ये बघत होता. "मला काय म्हाईत? डॉक्टरनी लिहिली, मी आणली."

रेश्मानं त्याच्याकडे पाहिलं. पुलाअलीकडची गोष्ट तिच्या तोंडाशी आली होती, अख्खी, एकही शब्द न हरवता. पण आईसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं तिला जमलं नाही. माहेरी शिकवलेला चांगुलपणा असा नेमका नको तिथं कामाला येतो.

लंकाबाई दुष्ट नव्हत्या. घाबरल्या होत्या. "माझ्या सख्ख्या भावाच्या घरात मी तुझी बहीन घालतीय," त्या म्हणाल्या. "एका आईच्या पोरी तुमी. उंद्या तीबी तशीच निघाली तर दादा माझ्या दारात पाय ठेवंल का? त्यापरीस सोपं हाय. सुपारीला आठ दिस हायेत. आठ दिस गोळी घ्यायची न्हाई. डोकंच आसंल तर डोकं दुखंल, त्यानं कुनी मरत न्हाई. आन फिट न्हाई आली तर मी सोता दादाला सांगते, पोरी खणखणीत हायेत."

"डॉक्टर बाई म्हणल्यात, एकदम सोडली तर फिट येती."

"बघ," लंकाबाई शांतपणे म्हणाल्या. "आता तूच म्हनलीस, येती म्हनून."

गोठ्यात अमृत तिच्यामागे आला. त्याला वाईट वाटत होतं. वाईट वाटण्यात तो कधी मागे नसे. "आठ दिवसांचा तर प्रश्न हाय," तो म्हणाला. "निकितासाठी काढ." डॉक्टर बाईंना विचारू का, असं तिनं म्हटलं तर म्हणाला, त्या काय, गोळी चालूच ठेवा म्हणणार, त्यांचं दुकान आहे ते. रेश्मानं पाकिटं सासूच्या हातात दिली आणि सासूनं ती तांदळाच्या डब्यात पुरली.

पहिले तीन दिवस असे गेले की तिला आपण मूर्ख होतो असं वाटलं. मुंग्या थांबल्या. शब्द एकेक करून घरी आले. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्याकडे न बघता तिनं अख्खी रांग नावानिशी पुकारली आणि रंगनाथबाबांच्या म्हशीचं नावही सांगितलं. लंकाबाईंनी कौतुकानं तिच्या ताटात जास्तीचं तूप वाढलं. चौथ्या दिवशी डावा डोळा ठणकायला लागला. पाचव्या, सहाव्या दिवशी पोटात पाणी ठरेना आणि झोप लागेना. ती दात आवळून मशीनपाशी उभी राहिली. डोकं दुखणं हीच तर तिची साक्ष होती. ते जितकं दुखेल तितकं बरं, असं ती मनाला सांगत होती.

आठव्या दिवशी माहेरच्या अंगणात मांडव घातला होता. पाहुणे बसले होते, निकिता नव्या साडीत खाली मान घालून पाटावर बसली होती. हळदी-कुंकवाचं आणि सुपारीचं ताट आणायचा मान थोरल्या बहिणीचा. रेश्मा ताट घेऊन उंबरा ओलांडून चार पावलं आली. तिला पुढचं आठवत नाही. बाकी सगळ्यांना आठवतं. ताट आधी वाजलं, मग ती. हातपाय झटकू लागले, तोंडाला फेस आला, कुंकू तिच्या केसांत आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या धोतरांवर. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. लंकाबाईंनी स्वतःच्या पायातली चप्पल काढून नाकाशी धरली. शुद्धीवर आल्यावर रेश्माला पहिल्यांदा दिसली ती चप्पल, आणि तिच्या पलीकडे वडील, दोन्ही हात जोडून पाहुण्यांसमोर उभे. सुपारी मांडवात कुठं घरंगळली ते कोणी शोधलंही नाही.

डॉक्टर बाई चिडल्या. मेंदूचा आलेख काढला, फोटो काढला, दोन्ही चांगले निघाले. त्यांनी मराठीत कागदावर लिहून दिलं की हे गोळी अचानक बंद केल्यामुळे झालं, असं क्वचित होतं, या बाईंना फिटचा आजार नाही. गोळी पुन्हा पायरी-पायरीनं सुरू झाली. अमृतनं कागद घरात मोठ्यानं वाचून दाखवला. लंकाबाईंनी पूर्ण ऐकून घेतला. "आमी काय आंधळे हुतो का त्या मांडवात?" इतकंच त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या रोज रात्री जेवण झाल्यावर स्वतःच्या हातानं गोळी द्यायच्या आणि घोट उतरेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. एक दिवस चुकला नाही.

दोन महिन्यांनी गोरक्षनाथ आले. माणूस सरळ. रविराजला मुलगी आवडली होती, आणि त्यांनाही उगाच कोणाचं मोडायचं नव्हतं. चहा बाजूला ठेवून त्यांनी रेश्माला समोर बसवलं.

"कागद वाचला मी," ते म्हणाले. "कागद कुनी बी लिहून देतं. तू घरातली हायेस, खोटं बोलायची न्हाईस. तुझ्या तोंडानं सांग, गोळी कशाची हाय? तुझ्या शब्दावर मी उंद्या सुपारी फोडतो."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी तिला विचारलं होतं. तिला रडू आलं.

"मामा, माझं डोकं दुखतं."

"डोकं तर माझंबी दुखतं. गोळी कशाची ते सांग. रोगाला नाव आसंल ना काय?"

होतं. तिनं तोंड उघडलं आणि नाव नव्हतं. डोळ्यामागचा ठणका होता, गोधडी होती, पहाटेच्या दूध-जिलेबीची चव होती; ज्याच्यासाठी हे सगळं, तो एक शब्द नव्हता. तिनं डाव्या कपाळावर हात ठेवला. "ते हे... मामा, ते एका बाजूचं..." पुठ्ठ्यावर गवळ्यांची नावं होती, हे नाव लिहून ठेवायचं तिला कधी सुचलं नव्हतं. तिनं अमृतकडे पाहिलं. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. अमृत आईकडे बघत होता.

"गोळीनं शब्द जातात, मामा," ती म्हणाली. "जरा थांबा."

ते थांबले. खरंच थांबले, चहावर साय धरेपर्यंत. मग लंकाबाई म्हणाल्या, "फिटची हाय, दादा. किती येळ पोरीला लाजवायचं."

गोरक्षनाथांनी टोपी नीट केली. "पोरीचा राग न्हाई मला," ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. संध्याकाळी निकिताचा फोन आला. रेश्मानं तो वाजू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर नेहमीची रांग होती. रंगनाथबाबांनी किटली पुढं सरकवली. तिनं नमुना लावला, आकडा उमटायची वाट बघत उभी राहिली.

"काय लागली गं फॅट?" बाबांनी विचारलं.

"अर्धशिशी," रेश्मा म्हणाली.

स्वच्छ, मोठ्यानं, एका दमात. शब्द बाहेर पडला तसा तिनं तो पुन्हा म्हटला, मग आणखी एकदा, सगळ्यांकडे बघत, आता तरी कोणी ऐकावं म्हणून. रांग एक पाऊल मागं सरली. रंगनाथबाबांनी हळूच तिच्या हातातून नमुन्याची बाटली काढून घेतली, तिला खुर्चीवर बसवलं आणि घराकडे तोंड करून हाक दिली, "लंकाबाई, चप्पल घिऊन या लवकर."