चढावरचा दम

“मापात पाप करून राह्यलं हे घड्याळ,” चंपतरावांनी ते मनगटावरून सोडवून काउंटरवर ठेवलं. “उन्हाळ्यात त्याच चढावर जळलेल्या कॅलरीचा आकडा केवढा दाखवत होतं. आता पार उतरलं.”

सदर भागातल्या घड्याळांच्या दुकानातल्या अंकुशने घड्याळ उलटंपालटं केलं, मागची काच पुसली, स्वतःच्या मनगटावर बांधून पाहिलं.

“काका, घड्याळ एकदम ओके हाय. तुमीच चालणं कमी केलं असन.”

हे चंपतरावांना लागलं. रोज सकाळी, थंडी असो नाहीतर धुकं, सेमिनरी हिल्सचा चढ ते चढतच होते. तोच रस्ता, तेच वळण, तीच ओढ्यावरची पुलिया. पण अंकुशला खरी अडचण कशी सांगायची? ते घड्याळ बांधून बाहेर पडले.

चंपतराव जन्मभर लिफ्टमन. सदरमधल्याच एका सरकारी इमारतीत त्यांनी असंख्य माणसं वर नेली, आणि तीही स्टुलावर बसून. जिना कशाशी खातात हे त्यांना निवृत्तीपर्यंत ठाऊक नव्हतं. मग पोट सुटलं, साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. एकट्याने काय चालायचं, म्हणून त्यांनी बायकोलाही ओढलं.

गोपिकाबाई भिवापूरकडच्या. त्यांच्याकडे जोडप्याने निघालं की पुरुष पुढे आणि बाई चार पावलं मागे. हे कोणी शिकवत नाही आणि कोणी विचारतही नाही. चढावरही तसंच चालायचं. पुलियाजवळ मागून आवाज यायचा, “थांबा ना जी. दम घेऊ द्या.”

चंपतराव मान न वळवता म्हणायचे, “चाल वं. सवय झाली का दम लागत नाही.”

बोलणं खोटं नव्हतं. त्यांचा स्वतःचा दम महिन्याभरात कमी झाला होता. गोपिकाबाई मात्र आधी पुलियाशी थांबायच्या, मग पुलियाच्या अलीकडच्या कडुनिंबाशी थांबू लागल्या, आणि शेवटी शेवटी खाली, चढ सुरू होतो त्या फाटकाशीच. मागे वळून पाहणाऱ्या कोणालाही कळलं असतं. पण चंपतराव पुढे होते.

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गोपिकाबाईंना दवाखान्यात ठेवलं. “यांना दम कधीपासून लागतो?” डॉक्टरांनी विचारलं. “चढावर लागते,” चंपतराव म्हणाले, “सवय नाही ना तिले.” डॉक्टरांनी तपासणीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. हृदय थकलेलं होतं, बऱ्याच दिवसांपासून. गोपिकाबाई त्या दवाखान्यातून परत आल्या नाहीत.

त्यानंतर कितीतरी महिने चंपतराव घराबाहेर पडले नाहीत. उन्हाळ्यात मुलगी हर्षा आली, तिने हे घड्याळ बांधलं आणि वडिलांना जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं. पहिल्याच दिवशी चढावर त्यांना सपाटून दम लागला. छातीचा भाता चालू झाला आणि त्या आवाजामागे दुसरा आवाज आला. थोडा बारीक, तुटक, चार पावलांवरचा. सोबत चपलेचा घासत चालल्याचा आवाज. ते थांबले, तोही थांबला. वळले, तर मागे रिकामा रस्ता.

भीती वाटली नाही. उलट फार दिवसांनी बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ते त्या आवाजासाठीच चालू लागले. आकडा मोठा असला की आवाज नक्की यायचा, हे त्यांनी मनाशी जुळवून टाकलं. आणि आता पावसाळ्यापासून आकडा उतरत होता, पाठीमागचा रस्ता गप्प होत चालला होता. थंडी पडली आणि आवाज पूर्ण थांबला.

रविवारी हर्षा आली तेव्हा त्यांनी घड्याळ तिच्या पुढ्यात टाकलं.

“खराब झालं.”

हर्षाने मोबाइलवर सगळं पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. “घड्याळ नाही खराब झालं बाबा, तुमी सुधरले. वजन उतरलं ना तुमचं? मंग तेवढं ओझं चढावर न्याच लागत नाही. पायबी शिकले, फालतू मेहनत करत नाही. अन् पयले छाती धडधड करे, आता तेच काम कमी ठोक्यात होते. घड्याळ ठोक्यावरूनच अंदाज लावते. म्हून आकडा कमी.”

“मंग पयल्यासारखा दम लागाले काय करा लागन?”

हर्षा हसली. “लोक दम लागू नये म्हून चालतात, अन् तुमी...” वडिलांचा चेहरा पाहून ती थांबली. “काहून जी बाबा? काय झालं?”

“तुझी माय येत होती माह्या मागं,” चंपतराव खाली बघत म्हणाले. “मले दम लागला का तिचाबी ऐकू ये. आता येत नाही.”

हर्षाने पदराने डोळे टिपले आणि जराही टोचून न बोलता ती म्हणाली, “आई एवढी भरभर कवा चालली जी? तुमी पुढं निघून जात असान.”

सोमवारी चंपतराव नेहमीसारखेच निघाले. फाटकाशी आले आणि थांबले. दम लागला नव्हता, तरी थांबले. मग हळूहळू, चप्पल घासली जाईल इतक्या हळू, कडुनिंबापर्यंत गेले आणि तिथेही थांबले. या चालीने चढ किती लांब होतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. पुलियाशी येऊन ते कठड्यावर टेकले. इथे ते आजवर कधी बसले नव्हते. इथून वरचं वळण दिसत होतं, आणि वळणाशी पाठमोरा उभा राहिलेला माणूस इथून कसा दिसत असेल हेही त्यांना दिसलं. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि गोपिकाबाईंची फार आठवण आली.

रोज चढावर भेटणारे मारोतराव काठी टेकत वर निघाले होते. ते थबकले.

“काहून बसले गा चंपतराव? दम लागला का?”

“लागला नाही,” चंपतराव म्हणाले. “दम घेऊन राह्यलो.”

मारोतरावांना त्यातला फरक कळला नसावा. ते मान हलवून पुढे गेले. चंपतरावांनी कान दिला. मागे काही नव्हतं, झाडीत पोपट तेवढे ओरडत होते. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि शेजारची कठड्यावरची धूळ पुसली.

मनगटावर घड्याळ थरथरलं. हालचाल नाही, चालणं संपलं का, असं ते विचारत होतं. चंपतरावांनी चष्मा वर सारून नीट वाचलं आणि ‘नाही’वर बोट ठेवलं.