पट्ट्यावरच्या चुण्या

टेबलावर आठ वार कापड, त्यात कच्च्या टाक्यांवर धरलेल्या अठ्ठावीस चुण्या. प्रत्येक चुणी पाऊण इंच दिसणारी, म्हणजे पाठीला एकवीस इंच. शेजारी खडूचा एक तुकडा, तीन सुया आणि आईचा चष्मा. बाबा खुर्चीत बसून ओटची पेज ढवळत होते. खात नव्हते.

"ऊठ जरा, माप घेते," आई म्हणाली.

"मंगळवारी घेतलंस की, एफी."

"मंगळवारचा माणूस जाडा होता. ऊठ."

बेचाळीसचा घेर धरून आईने हा किल्ट, पुरुषांनी समारंभाला घालायचा चुण्यांचा घागरा, शिवायला घेतला, तेव्हा बाबांच्या पोटातल्या दुखण्याला नाव नव्हतं. आता शनिवारी माझं लग्न होतं आणि बाबांना तो घालून मला चर्चमध्ये न्यायचं होतं. टेप अडतीसवर आला. आईने पुन्हा लावला. अडतीसच.

आमच्या डिंगवॉल गावात आईचं नाव नक्षी जुळवण्यासाठी होतं. तिने घातलेल्या चुण्यांवरही टार्टनच्या, म्हणजे त्या रंगीत चौकड्यांच्या कापडाच्या, चौकटी समोरच्या सपाट भागासारख्या अखंड दिसत. कापड कुठे दुमडलंय ते कळत नसे. त्यासाठी प्रत्येक चुणीवर नक्षीचा पुढचा तुकडा नेमका यावा लागतो. चुणी थोडी अरुंद केली की तुकडा कापला जातो आणि रेघा जुळत नाहीत. दुसरी पद्धत फौजेची. प्रत्येक चुणीवर तोच एक पट्टा मधोमध. चुणी कितीही अरुंद करा, पट्टा जागेवर राहतो. मोजायचा कंटाळा असेल त्याने ती करावी, असं आई म्हणायची.

"तीन चुण्या कमी केल्या तर?" मी विचारलं.

"आणि परवा आणखी दोन? मधली रेघ पाठीच्या कण्यावर बसायला हवी, कर्स्टी. दर वेळी सगळं उसवू का?"

बाबा झोपल्यावर तिने सगळंच उसवलं. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली, तरी जुन्या घड्यांच्या रेघा कापडावर राहिल्याच.

गुरुवारी सकाळी बाबांनी किल्ट उलटा करून पाहिला. मागे लाल पट्टाच पट्टा होता.

"हा कुणाचा?"

"तुझाच."

"पट्ट्यावर? अगं, मी जन्मभर टपालाची गाडी चालवली, तोफ नाही."

आईने तो त्यांच्या कमरेला गुंडाळला. "नीट उभा राहा. टाचणी टोचेल."

बाबांनी अंगठा एकेका चुणीवरून फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे मी अजून बारीक होणार."

आईच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या तिने काढल्या नाहीत.

"छान दिसतोय, बाबा," मी म्हटलं. "ऐटबाज."

"तुझ्या आईचं एकदा तरी चुकायला हवं होतं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

शुक्रवारी तिने प्रत्येक चुणी दोऱ्याभराने आत घेतली. घेर छत्तीस झाला. पट्टा कुठेही हलला नाही. बाबांसाठी तिने हाडांचं सूप केलं. त्यांनी तीन चमचे घेतले आणि "उद्यासाठी ठेव" म्हणाले.

शनिवारी गाडी दाराशी आली तेव्हा बाबा भिंतीला एक हात लावून उभे होते. किल्टचे कमरेचे चामडी बंद शेवटच्या भोकात होते. आई गुडघे टेकून मागच्या चुण्या सारख्या करत होती. उठता उठता तिने कमरेखाली टेप गुंडाळला.

"किती?" बाबांनी विचारलं.

"छत्तीस. चल, लोक थांबलेत."

बाबांनी भिंतीवरचा हात काढून मला दिला. आई टेपवरचा आकडा अंगठ्याखाली धरून तशीच उभी होती. ती पर्स उचलायला वळली तेव्हा अंगठा सरकला आणि मला तो आकडा दिसला.

सव्वाचौतीस.