सासूबाईंची चांगली बाजू

स्माइलराव हे नाव त्याला कामाच्या पहिल्याच दिवशी पडलं. बरगड्या मोडलेले एक गृहस्थ एक्स-रेसाठी उभे होते आणि हा पठ्ठ्या दारातून म्हणाला, "हनुवटी थोडी वर, आणि जरा हसा बघू." ते बिचारे सभ्य, हसले, आणि कळवळून खालीच बसले. संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलभर बोभाटा झाला. आईवडिलांनी ठेवलेलं नाव तेवढं गळ्यातल्या ओळखपत्रावर उरलं.

त्याचा तरी काय दोष म्हणा. अर्धं आयुष्य फोटो स्टुडिओत गेलेलं. रडक्या पोरांना खुळखुळा दाखवायचा, नवरदेवाचं टक्कल झाकायचं, दोन बहिणींचं भांडण असलं तरी त्यांना एका चौकटीत बसवायचं, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओला कुलूप लागलं. तेव्हा बायकोनंच जाहिरात दाखवली. हॉस्पिटलातले एक्स-रे, स्कॅन, सोनोग्राफी, सगळं आता कॉम्प्युटरवर असतं, ते सांभाळायला माणूस हवाय, शिकवून तयार करू.

"फोटोच आहेत की ते," ती म्हणाली. "फक्त आतले."

शिकवायला मॅडम होत्या. त्या खात्याच्या प्रमुख. गळ्यात एक चष्मा, डोक्यावर दुसरा, आणि शोधायच्या तिसराच. तळघरातल्या गार खोलीत सर्व्हर घोंघावत असायचे, आणि मॅडम स्वेटर घालून त्याला पुन्हा पुन्हा तेच सांगायच्या. "आपण पोस्टमन. इकडचा फोटो तिकडच्या डॉक्टरांकडे, बरोबर नावानं, बरोबर वेळेत. पाकीट फोडायचं नाही, सजवायचं तर अजिबात नाही." फोटो आरशातल्यासारखा उलटा करायचं, डावं उजवीकडे नेणारं, एक बटण होतं. पेशंट पाठ फिरवून उभा राहिला आणि चित्र उलटं आलं तरच ते वापरायचं, तेही एक्स-रे काढणाऱ्याला विचारून. त्या बटणाकडे मॅडम घरातल्या गॅसच्या नळीकडे बघावं तशा बघायच्या.

शिकाऊ मुदत संपत आली होती. त्या शुक्रवारी मॅडम सांगणार होत्या, कायम करायचं की नारळ द्यायचा. चाळिशी उलटलेल्या माणसाला दुसरा धंदा मिळणं अवघड, तिसरा कुठून मिळणार? बायको त्याला कधी टोचून बोलली नाही. उलट हल्ली जेवताना ती फार जपून बोलायची, आणि तेच त्याला जास्त लागायचं.

अशात सासूबाईंना खोकला झाला.

आता या सासूबाईंबद्दल सांगितलंच पाहिजे. जावयानं काढलेला एकही फोटो त्यांना आजवर आवडला नव्हता. स्वतःच्या लग्नाचे फोटो त्यानं टायमर लावून, धावत येऊन बायकोशेजारी उभं राहून काढले होते. सगळ्या अल्बमात तो धापा टाकताना दिसतो. पण सासूबाईंची तक्रार वेगळीच. "माझी डावी बाजू चांगली आहे," त्या म्हणायच्या. "उजवीकडून मी कुणाचीतरी काकू दिसते. हे मी सगळ्यांना सांगते, ऐकतं कोण?"

छातीचा एक्स-रे काढायला त्या पावडर लावून आल्या. आत जाताना जावयाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, तेवढं बाजूचं लक्षात असू द्या."

"हो आई," तो म्हणाला.

आणि त्यानं लक्षात ठेवलं. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

एक्स-रे त्याच्या पडद्यावर आला. छातीच्या फोटोला चेहरा नसतो हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता. पण हाताला लागलेली सवय डोक्याला विचारत नाही. हृदयाची सावली एका बाजूला झुकलेली, चौकट तिकडे जड वाटत होती. सासूबाईंचं वाक्य कानात होतं. हात गेला आणि फोटो उलटा झाला. कोपऱ्यात डावी बाजू दाखवणारं अक्षर होतं, तेही उलटं होऊन पलीकडच्या कोपऱ्यात गेलं. उलटं अक्षर बघून तर त्याला राहवेचना. त्यानं ते पुसलं आणि सरळ अक्षर पहिल्याच कोपऱ्यात नीट बसवलं, स्टुडिओचा शिक्का बसवायचा तसं. थोडा उजेड वाढवला. पाठवून दिला. वर स्वतःवर खूश होऊन चहाही पिऊन आला, शहाणा.

दुपारी रिपोर्ट आला. फुप्फुसं स्वच्छ, खोकला साधा. मात्र हृदय उजव्या बाजूला.

 आपण काय करून बसलो ते स्माइलरावाला त्याच क्षणी कळलं. उठून मॅडमकडे जायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. तो उठलाही. पण मॅडम कुणाला तरी फोनवर म्हणत होत्या, "नाही हो, हा मुलगा बरा आहे, फोटोला हात लावत नाही." तो परत येऊन खुर्चीवर बसला.

संध्याकाळी घरी गेला तर सासूबाई आधीच येऊन बसलेल्या. खोकला कुठल्या कुठे पळालेला.

"मला लहानपणापासून वाटायचंच," त्या लेकीला सांगत होत्या, "मी चारचौघींसारखी नाही." मग जावयाकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा, मायेनं म्हणाल्या, "जावईबापू, काय फोटो काढलात. माझा इतका चांगला फोटो कुणी काढला नव्हता."

त्यांनी हॉस्पिटलातून एक्स-रेची फिल्म मागून आणली होती. ती पुढच्या खोलीतल्या खिडकीच्या काचेवर चिकटवली. वरच्या मजल्यावरून बायका बघायला आल्या. बायको त्याच्याकडे बघून हसली, मनापासून, बऱ्याच दिवसांनी. आता यानं तोंड उघडायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी सासूबाईंना बोलावून घेतलं. अशी केस त्यांना कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. त्यांनी तारा उजवीकडे लावून हृदयाचा आलेख काढला. तो अर्थातच वेडावाकडा आला, तसे ते आणखी खूश झाले. मग शिकणाऱ्या डॉक्टरांची रांग लावली. एकेकानं यायचं, उजवीकडे नळी लावायची, ऐकायचं.

"स्पष्ट," पहिला म्हणाला.

"फारच स्पष्ट," दुसरा म्हणाला.

तिसरी मुलगी प्रामाणिक निघाली. "सर, मला काही नीट ऐकू येत नाही."

"कान तपासून घ्या," मोठे डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. स्माइलराव दाराआड उभा राहून घाम पुसत होता. शुक्रवारी सभागृहात सगळ्या डॉक्टरांपुढे ही केस मांडायची ठरली. सासूबाईंनी भाषण लिहायला घेतलं.

इथपर्यंत तो गप्प राहिला. भित्रा होता, दुसरं काय. पण जाता जाता मोठे डॉक्टर म्हणाले, "आजी, पर्समध्ये एक कार्ड ठेवा. हृदय उजवीकडे आहे असं लिहून देतो. कधी चक्कर येऊन पडलात, तर मदतीला येणाऱ्याला कळलं पाहिजे."

सासूबाईंनी मान डोलावली. स्माइलरावाच्या डोळ्यांपुढे मात्र सासूबाई रस्त्यात पडलेल्या दिसल्या, आणि कुणीतरी भला माणूस ते कार्ड वाचून भलतीकडेच उपचार करतोय. गेली नोकरी खड्ड्यात, तो मनाशी म्हणाला, आणि तडक तळघरात गेला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले.

"अक्षरसुद्धा बदललंत?"

"उलटं दिसत होतं, मॅडम."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मूळ फोटो सिस्टिममध्ये सुरक्षित होता, तो कधीच पुसला जात नाही. त्यांनी तो परत जागेवर आणला, मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आणि बराच वेळ रिसीव्हर कानापासून लांब धरून ऐकत राहिल्या.

"आता या खात्याची पद्धत ऐका," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "ज्याच्या हातून चूक झाली, त्यानंच पेशंटला तोंडावर सांगायचं. मी येईन सोबत, पण बोलणार तुम्ही. तुम्हाला ठेवायचं की नाही ते मी त्यानंतर ठरवीन."

"मॅडम, पेशंट माझ्या सासूबाई आहेत."

"मग नीट शब्द निवडा," मॅडम म्हणाल्या.

घरी सासूबाई खिडकीपाशी भाषणाची तालीम करत होत्या. बायकोनं मॅडमना खुर्ची दिली. स्माइलराव उभाच राहिला, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बटण, अक्षर, उजेड, सगळं. सांगून झाल्यावर बायकोकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

सासूबाई खिडकीवरच्या फिल्मकडे वळल्या.

"म्हणजे माझं हृदय डावीकडेच आहे?"

"हो, आई."

"सगळ्यांसारखं?"

"हो."

"आणि तुम्ही उलटं केलंत ते कशासाठी?"

स्माइलरावानं खाली मान घातली. "तुम्ही म्हणाला होतात ना, बाजूचं लक्षात ठेवा म्हणून."

सासूबाईंनी हातातला भाषणाचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. पदरानं डोळे टिपले. रागानं की कशानं, ते कळेना.

"यांना कामावरून काढणार तुम्ही?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"विचार चाललाय."

"काढू नका. आयुष्यभर मी एकच गोष्ट सांगत आले, नवऱ्याला, पोरांना, फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला. एकानंही ऐकलं नाही. या वेड्यानं ऐकलं, तेही हृदयाच्या फोटोला." मग त्यांना काहीतरी आठवलं. "पण ते बटण काढून घ्या यांच्याकडून."

"ते आधीच काढलंय," मॅडम म्हणाल्या. बायकोनं पुढे केलेला चहा घेतला, आणि स्माइलरावाकडे न बघताच पुढे बोलल्या, "उद्या वेळेवर या. आणि स्वेटर स्वतःचा आणा, इथून पुढे थंडी कायमचीच आहे."

बायकोनं त्याचा हात घट्ट धरला. 

सासूबाई तेवढ्यात खिडकीपाशी गेल्या. काचेवरची फिल्म त्यांनी सोडवली, उलटी केली, आणि पुन्हा चिकटवली. हृदय आपल्या जागी आलं.

"आई," स्माइलराव हळूच म्हणाला, "ते अक्षर आता उलटं दिसतंय."

"दिसू दे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही त्याला हात लावू नका."