चष्म्याचं घर

“शून्य सहा शून्यच धरलंय,” सुकाणूवाले काका म्हणाले, तोच धुक्यातून वाट दाखवणारा तरंगता लाल बोया उगवला. नाकासमोर दिसायला हवा होता, तो पार डावीकडे. आठवड्यातली ही तिसरी खेप.

कप्तान पोरगेलीच होती. फेरीबोटीचं चाक धरायला तिला काकांनीच शिकवलं होतं, म्हणून तर तिची जीभ रेटत नव्हती. पुन्हा बोट भरकटली तर म्हाताऱ्याला तिकीटखिडकीत बसवा, असं कचेरीने बजावलं होतं. तिने कसंबसं सांगितलं. काकांनी नुसतं ‘हं’ केलं. काकू गेल्यापासून महिनाभर ते सगळ्यालाच ‘हं’ करत होते.

बत्तीस वर्षं होकायंत्रापुढे उभा राहिलेला माणूस. दिशा सांगणार ती अंशांत, तीन सुटे आकडे उच्चारून, आणि घरीसुद्धा तसंच. काकूंचा चष्मा रोज सकाळी हरवायचा. काका अंथरुणातूनच सांगायचे, “एक एक शून्य. खिडकीत.”

“अहो, डावं-उजवं म्हणा की. मी काय बोट आहे?” काकू करवादायच्या. पावलं मात्र बरोबर खिडकीकडे वळायची.

“काका, जरा बाजूला व्हा,” कप्तान म्हणाली.

काका सरकले. होकायंत्राची तबकडी सावकाश फिरली आणि सात अंश सरकून थांबली. ते जवळ आले. तबकडी परत आधीच्या जागी.

चाकाजवळ लोखंड नको, फोन नको, चुंबक तर नकोच नको. याच काकांनी तिला एकदा केसांतल्या पिनांवरून सगळ्या बोटीसमोर झापलं होतं.

“खिशात काय आहे?”

त्यांनी शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं. काकूंचं. झाकणाला चुंबकाचं बटण, मिटलं की टक वाजणारं. आत चष्मा होता. एका काचेवर बोटाचा ठसा तसाच.

पिनांचं उट्टं काढायची नामी संधी होती. तिने ती सोडून दिली.

“चाक की हे, काका. दोन्ही नाही जमायचं.”

काका बोटीच्या मागच्या टोकाला गेले. दोरांच्या खोक्यात, दोरांखाली ते घर ठेवून आले. खिसा रिकामा झाला तरी तसाच लांबट फुगलेला राहिला. त्यांनी चाक धरलं.

“दिशा?”

“शून्य सहा शून्य.”

तबकडी हलली नाही. पुढचा बोया नाकासमोर आला.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “कुठे ठेवलंत?”

“दोन चार शून्य,” काका म्हणाले.

म्हणजे अगदी पाठीमागे. त्यांनी मान वळवली नाही.