माझी मामा येते

लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा एमिलिया लोपीसच्या घरात सगळं होतं, फक्त मामा नव्हता.

म्हणजे होता. तीन घरं सोडून राहत होता, नाव ग्लेनरॉय, एमिलियाचा सख्खा धाकटा भाऊ. पण त्याने हात वर केले होते. "मी येणार नाही, बाय. पाण्याला नाही, लग्नाला नाही आणि बिर्याणीला तर नाहीच नाही," असं उंबऱ्यावर उभं राहून त्याने सांगितलं होतं. बिर्याणीचं नाव घेताना त्याचा आवाज जरासा हलला, पण माणूस अडून बसला तो बसलाच.

मुलुंडच्या त्या गावठाणात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणतात. बायका बँडच्या मागे नाचत विहिरीवर जातात, कळश्या भरून आणतात आणि मांडवात नवरीला अंघोळ घालतात. विहिरीवर महापालिकेने डासांच्या भीतीने जाळी ठोकली आहे, पण लग्नापुरतं तिचं झाकण उघडतं. पहिली कळशी मामाची. मामाने ओतल्याशिवाय बाकीच्यांनी कळशीला हात लावायचा नाही. त्यात एमिलियाच्या लेकीचा, म्हणजे नवरी किम्बर्लीचा बाप, फ्रेडी, जाऊन सहा वर्षं झालेली. म्हणजे पाणीही मामाने घालायचं आणि चर्चात हात धरून वेदीपर्यंतही मामानेच न्यायचं. त्याला नेमका आत्ताच रुसवा सुचला होता.

कारण नवरामुलगा केनियाचा होता.

जोसफॅट मुटुआ चार वर्षांपूर्वी गावच्या म्हाताऱ्या मास्तरांना किडनीच्या ऑपरेशनसाठी मुंबईला घेऊन आला होता. मास्तर बरे होऊन परत गेले, हा मुलुंडलाच राहिला. आफ्रिकेतून उपचाराला येणारे पेशंट खूप, त्यांचं बोलणं डॉक्टरांना समजावणारा कोणीतरी हवा होता. मुटुआ दुभाषा झाला. दुभाष्याचा नियम कडक असतो: आपलं काही मिसळायचं नाही, समोरच्याचं काही गाळायचं नाही, आणि तो 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं. त्याच हॉस्पिटलात डायलिसिसला नर्स असलेल्या किम्बर्लीने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा सहा फुटी गडी गंभीर चेहऱ्याने डॉक्टरांना सांगत होता, "मला सुईची फार भीती वाटते. सुनेला सांगू नका." शेजारी खाटेवर एक एवढीशी म्हातारी बसली होती. किम्बर्ली तिथेच खलास झाली.

मराठी त्याने वॉर्डातल्या मावश्यांकडून उचलली. 'झकास' आणि 'वाट लागली' तो अस्सल मुलुंडकरासारखं म्हणायचा. फक्त 'तो, ती, ते' या भानगडीत त्याचा कायम गोंधळ. 'माझी शर्ट', 'तुझा भाकरी' असं बिनदिक्कत चालायचं.

खरं सांगायचं तर एमिलियालाही सुरुवातीला तो नको होता. धर्मात खोट सापडेल म्हणून तिने त्याला रोझरीला बोलावलं. तो उघड्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि सगळी रोझरी होईपर्यंत हलला नाही. ग्लेनरॉयने तोवर दोन वेळा गुडघ्याखालची उशी बदलली. मग स्वभावात खोट शोधावी म्हणून जेवायला ठेवलं. त्याने डुकराचं तिखटजाळ इंद्याल तीनदा मागून घेतलं आणि भांडी घासून गेला. आता उरला फक्त रंग. रंगावरून जावयाला नाही म्हणायचं, तर ते तोंडाने म्हणावं लागतं, आणि म्हणायला गेल्यावर एमिलियाला स्वतःचीच लाज वाटली. त्या रात्री ती फार रडली. सकाळी उठून तिने हो म्हटलं.

ग्लेनरॉयला लाज वाटायला वेळ लागत होता. रंगाच्या बाबतीत तो स्वतः काही दुधात धुतलेला नव्हता, उलट लहानपणी शाळेत त्याला डांबर म्हणायचे. पण तो गाऱ्हाणं घेऊन थेट फादरांकडे गेला. लग्नाची घोषणा तीन रविवार चर्चात वाचतात, ती थांबवा म्हणाला.

"दोघांचा बाप्तिस्मा झालाय, दोघं मोकळी आहेत, दोघं राजी आहेत," फादर म्हणाले. "मी कशावरून थांबवू?"

"फादर, माणसं वेगळी आहेत."

"मोशेची बायको कूश देशाची होती, आफ्रिकेतली. त्याची बहीण मिर्याम त्यावरून कुरकुरली. देवाने काय केलं?"

"काय केलं?"

"तिला कोड फुटलं. पांढरीफटक झाली."

ग्लेनरॉयने थोडा विचार केला. "म्हणजे?"

"म्हणजे तोंड सांभाळ," फादर म्हणाले, आणि चहा मागवला.

घरी किम्बर्लीनेही त्याला सोडलं नाही. "दर नाताळात येशूजन्माचा गोठा तू सजवतोस. बाळाला भेटायला आलेल्या तिसऱ्या राजाला तू स्वतः ब्लॅक जपानचा काळा रंग फासतोस, मग त्याच्यापुढे मेणबत्ती पण लावतोस. तो चालतो ना?"

"तो आपल्यात लग्न नाही करत," ग्लेनरॉय म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "तुझी पोरं शाळेत जातील तेव्हा त्यांना काय म्हणतील, मला विचार. मी ऐकून घेतलंय." आणि तो निघून गेला. एमिलियाला राग आला होता, पण तिला ते डांबरही आठवलं.

अशी सगळी कोंडी असताना मुटुआचा हॉस्पिटलातून फोन आला. मागे कोणीतरी जोरजोरात स्वाहिलीत रडत होतं, त्यामुळे तो घाईत होता.

"आंटी, तिकीट झाली. शुक्रवारी येते."

"कोण कोण रे?"

"मामा येते. काका येतो. दादा येते."

एमिलियाने फोन ठेवला आणि येशूच्या फोटोला हात जोडले. मुलाचा मामा येतोय! पोराचं व्याकरण नेहमीसारखं तिरपागडं, पण बातमी सोन्यासारखी. आपला भाऊ नाही तर नाही, सोयरेमंडळींचा मामा पहिली कळशी ओतेल. रीत मोडली तरी थोडीच मोडेल. संध्याकाळपर्यंत तिने ही गोष्ट सगळ्या गल्लीत सांगून टाकली, ग्लेनरॉयच्या खिडकीखाली जरा मोठ्याने. तीन पुरुषमाणसांसाठी पुढची खोली रिकामी केली, मामासाठी सफारीचं कापड आणलं, काकासाठी टोपी आणि दादासाठी दाढीचं सामान. खिडकीतून ग्लेनरॉय तीन दिवस हे सगळं बघत होता. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

शुक्रवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली. आधी एक सडपातळ पोरगी उतरली, जीन्स आणि लांब वेण्या. मग एक लाजरा कॉलेजकुमार. आणि मग सावकाश, दाराच्या दोन्ही बाजू धरून, पिवळ्या-निळ्या नक्षीच्या कापडात एक भरभक्कम बाई.

मुटुआने ओळख करून दिली. "आंटी, ही माझी मामा. हा काका. ही दादा."

एमिलियाने बाईकडे पाहिलं. मग मागे टॅक्सीत डोकावून पाहिलं. टॅक्सी रिकामी होती.

"मम्मी," किम्बर्ली तिच्या कानाशी म्हणाली, "त्यांच्यात मामा म्हणजे आई. काका म्हणजे भाऊ, दादा म्हणजे बहीण."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू मला दाढीचं सामान आणू दिलंस?"

"ग्लेन मामाला जरा झोंबू दे म्हटलं."

गल्लीत हसण्याचा नुसता कल्लोळ झाला. एमिलियाही हसली, आणि मग तिला आठवलं. उद्या पाणी, आणि पहिली कळशी धरायला अजूनही कोणी नाही.

शनिवारी संध्याकाळी बँडवाले येऊन बसले. मांडवात किम्बर्ली पाटावर बसली, बायकांनी विहिरीवरून पाणी आणलं, सात कळश्या ओळीने मांडल्या आणि सगळे उभे राहिले. कोणी हात लावेना. मुटुआची आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे बघत होती. तिने लेकाला जवळ बोलावून काही विचारलं. मुटुआ उभा राहिला, पाठ ताठ केली आणि आपला हॉस्पिटलातला आवाज लावला. त्या आवाजात त्याचं 'तो, ती, ते' सहसा चुकत नसे.

"मी विचारते, मुलीला कोण देणार? बाप नाही, मग तिचा मामा कुठे आहे?"

"त्याला बरं नाही," एमिलिया म्हणाली.

मुटुआने ते सांगितलं. बाईने लगेच उत्तर दिलं. ते ऐकून मुटुआने एकदा किम्बर्लीकडे पाहिलं, पण नियम तो नियम.

"खोटं बोलू नका. काल तो खिडकीत उभा राहून केळं खात होता. तो का येत नाही ते मला कळतं. आता माझं ऐका. हे लग्न मलाही पसंत नव्हतं. ही मुलगी मला नको होती."

एमिलियाला आधी वाटलं, मुटुआच बोलतोय. मग तिच्या लक्षात आलं, आणि मस्तकात तिडीक गेली. "माझी किम्बर्ली नको? काय कमी आहे तिच्यात?"

"काही कमी नाही," मुटुआ आईचे शब्द सांगत राहिला. "आमच्या गावात तुमच्या देशातल्या लोकांची दुकानं आहेत. आम्ही तिथे तीस वर्षं सामान घेतलं. कोणी आत बसवून पाणी दिलं नाही. चर्चातल्या बायका मला म्हणाल्या, पोराला तिथे दारातच उभं ठेवतील. मी म्हटलं, बघून येते. आमच्यात मुलीचा मामा आला नाही तर मुलीच्या घरच्यांचं मन नाही असं धरतात. मन नसेल तर मी पोराला घेऊन जाते. त्याला मी दारात उभं राहायला वाढवलं नाही."

पाटावर किम्बर्ली दगडासारखी बसली होती. एमिलियाने रागवावं, तर बाईचा प्रत्येक शब्द खरा. आपण हो म्हणण्याआधी रात्रभर रडलो होतो, हे या बाईला कळलं तर?

गल्लीत बातमीला पाय नव्हे, पंख असतात. 'पोराच्या आईने किम्बर्लीला नाकारलं' हे तिसऱ्या घरापर्यंत पोचलं, आणि बनियन आणि हाफपँटवर ग्लेनरॉय मांडवात घुसला.

"कोण आमच्या पोरीला नाही म्हणतंय? नर्स आहे ती! सोन्यासारखी पोरगी आहे! आमची पोरगी काय रस्त्यावर पडलीय?"

मुटुआने आईला शब्दन् शब्द सांगितलं. बाई उठली, ग्लेनरॉयच्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि शांतपणे बोलली.

"मी विचारते, माझ्या पोराला तुम्ही का नाही म्हणालात?"

ग्लेनरॉयचा आवेश तिथेच थबकला. त्याने एमिलियाकडे पाहिलं. तिने मान फिरवली, या वेळी ती त्याला वाचवणार नव्हती.

"मी म्हणालो होतो..." तो पुटपुटला, "काळ्या माणसाला पोरगी देणार नाही." मग घाईने मुटुआचा दंड धरला. "हे सांगू नकोस रे त्यांना."

"मामा," मुटुआ म्हणाला, "मी काही गाळत नाही."

आणि त्याने सांगितलं. आईकडे बघत, सावकाश, 'मी' म्हणून. ती भाषा मांडवात चौघांनाच येत होती, पण कुठला शब्द कुठे आला ते सगळ्यांना कळलं, कारण तिथे त्याचा आवाज फाटला. चार वर्षांत पहिल्यांदाच. ग्लेनरॉयने त्याचा दंड सोडला नव्हता. तो त्या दंडाकडे बघत राहिला, मग आपल्या हाताकडे.

"पुढचं पण सांग," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पुसायला रुमाल काढावा, तर बनियनला खिसाही नव्हता. "सांग, मला शाळेत डांबर म्हणायचे. मला वाटलं, आपल्या घरात पुन्हा कोणाला कोणी तसं म्हणू नये. म्हणून मीच आधी म्हणून बसलो. सांग, चुकलं माझं. मला माफ करा म्हणावं."

मुटुआने सांगितलं. बाईने ग्लेनरॉयला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आपला हात त्याच्या हाताशेजारी धरला, दोन्ही हात नीट बघितले आणि काहीतरी म्हणाली. दादा आणि काका एकदम फिसकन हसले.

"काय म्हणाली?" ग्लेनरॉयने विचारलं.

"मी म्हणते," मुटुआ म्हणाला, "हा मामा तर माझ्यापेक्षा काळा आहे. मग भांडण होतं कशावरून?"

पहिली हसली ती एमिलिया. इतकी, की तिला मांडवाचा खांब धरावा लागला. मग बँडवाल्यांनी कोणी न सांगताच वाजवायला सुरुवात केली.

ग्लेनरॉयने पहिली कळशी उचलली. काठोकाठ भरलेली ती कळशी पुरती वर जाईना. तेव्हा बाईने पुढे होऊन दुसऱ्या बाजूने आधार दिला. जानेवारीचं विहिरीचं पाणी होतं. ते डोक्यावर पडताच किम्बर्लीने गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी किंकाळी फोडली.

"मामा!"

दोघांनीही एकदम ओ दिली.